अर्धं तू म्हण, अर्धं मी

वसईजवळच्या गिरीजला वाडीत राहणाऱ्या माणसांना फ्रेंच भाषा कशाला लागते, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर सोपं आहे. घरात नर्स झालेली मुलगी असली की लागते. कॅनडाच्या एका प्रांतात नर्सना मागणी आहे आणि तिथले लोक फ्रेंच बोलतात. पेशंटला कुठे दुखतंय हे त्याच्या भाषेत विचारता आलं नाही तर नर्स काय कामाची? आमच्या मुलीबरोबर शिकलेल्या दोघी आधीच तिकडे पोचल्या होत्या आणि बर्फात उभं राहून काढलेले फोटो पाठवत होत्या. मग काय, हिच्याही डोक्यात तेच भरलं.

क्लास आचोळ्याला होता, एका सोसायटीत, सरांच्या राहत्या घरातच. सर मूळचे साताऱ्याकडचे, शिस्तीचे आणि जरा तोंडाचे फटकळ. हॉस्पिटलची ड्यूटी संपवून ही तिकडे जायची, आणि घरी आली की ओटीवर पुस्तक उघडून बसायची. पुस्तक कसलं, नुसती क्रियापदं. मी उभा जन्म प्राथमिक शाळेत मराठी शिकवली. क्रियापद चालवणं म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको. मी जातो, तू जातोस, तो जातो. पोरांच्या घशाला कोरड पडेपर्यंत म्हणवून घेतलेलं आहे मी.

फ्रेंचमध्ये मात्र एक गंमत होती. लवकरच घडणाऱ्या गोष्टींसाठी त्यांचा वेगळा काळ आहे. सर त्याला ‘जवळचा भविष्यकाळ’ म्हणायचे. आणखी वीस वर्षांनी काय होईल ते नव्हे, तर आता घटकाभराने, उद्या, फार तर येत्या महिन्यात काय होणार ते. त्याची रीत अशी, की आधी ‘जाणे’ हे क्रियापद चालवायचं आणि त्याच्यापुढे जे करायचं असेल ते जसंच्या तसं ठेवून द्यायचं. ‘ज व्हे मांजे’, म्हणजे मी आता जेवणार आहे. ‘त्यु व्हा मांजे’, तू आता जेवणार आहेस. शब्दाला शब्द लावला तर ‘मी जाते जेवणे’ असं काहीतरी होतं. मला ते मुळीच आवडलं नव्हतं. आमच्याकडे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना कोणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. आणि ही भाषा बघा, उद्याचं काही बोलायचं म्हटलं की आधी ‘जाते’ म्हणायला लावते. मी तसं बोलूनही दाखवलं. मुलगी म्हणाली, "आई, तुझ्यासाठी ते भाषा बदलणार नाहीत." उलट बोलण्यात ती माझ्यावरच गेली आहे.

तर, ‘मी’ आणि ‘तू’पर्यंत तिची गाडी नीट चालायची. पुढे ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ आले की रुतायची. ‘नूझालों’, ‘वूझाले’, ‘इल व्हों’. रोज तिथेच अडखळायची, रोज डोक्यावर पुस्तक आपटून घ्यायची. मी शिक्षिका, मला राहवतंय होय? मी माझ्या सगळ्या युक्त्या करून पाहिल्या. दहादा लिही म्हटलं, मोठ्याने वाच म्हटलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी आम्हा दोघींची कडाक्याची भांडणं व्हायला लागली.

तेव्हा मध्ये पडले आमचे हे. माझे यजमान वाडीवाले. केळी, नारळ आणि पालेभाजी, एवढं त्यांचं जग. शाळा त्यांना कधी आवडली नाही आणि त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. पण आमच्या घरातली संध्याकाळची रोझरी तेच चालवायचे. ज्यांनी रोझरी ऐकलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: जपमाळेच्या एकेका मण्यावर मारियेची प्रार्थना म्हणतात, आणि ती दोन अर्ध्यांत म्हणतात. एकाने ‘नमो मरिये’पासून सुरुवात करून मध्यावर थांबायचं, बाकीच्यांनी ‘पवित्र मरिये’ म्हणत उरलेली पुरी करायची. आमच्या घरातलं मूल बोलायला लागतं तेच हा दुसरा अर्धा म्हणत. अर्थ कळायच्या आधी चाल कळते. झोपेत पेंगणारं पोरसुद्धा आपली पाळी आली की बरोबर तोंड उघडतं.

त्या दिवशी ते अंगणात बसून नारळ सोलत होते. तिची रड ऐकून तिथूनच ओरडले, "अगं, एकटीने म्हणून कसं पाठ होणार? रोझरी कोणाला एकट्याने पाठ झालीय? अर्धं तू म्हण, अर्धं मी म्हणतो."

"पप्पा, फ्रेंच आहे ते."

"असू दे की. देवाला लॅटिन चालत होती, मला फ्रेंच चालेल."

तिने त्यांच्यासाठी देवनागरीत लिहून दिलं आणि दोघांची जुंपली. ती म्हणायची ‘मी’, ते म्हणायचे ‘तू’. तिचं ‘ती’, त्यांचं ‘आम्ही’. तिचं ‘तुम्ही’, त्यांचं ‘ते’. जेवणे झालं, झोपणे झालं, निघणे, राहणे, धुणे, विकणे, सगळं त्या घाण्यातून काढलं. आणि चाल? चाल रोझरीचीच! ‘ज व्हे दोर्मीऽर’ म्हणून ती शेवट लांबवायची, की ह्यांनी खर्जात ‘त्यु व्हा दोर्मीर’ म्हणून खाली उतरवायचं. शेजारची जाऊबाई एकदा अंगणातून डोकावून छातीवर क्रूस करून गेली. तिला वाटलं, लवकर सुरू केलीय आज प्रार्थना.

मी कपाळाला हात लावला. पण आठवड्याभरात पोरीला सगळं धडाधड यायला लागलं, तेव्हा गप्प बसले. आमच्या ह्यांना तर त्याचा नादच लागला. दुपारी वाडीतून आले की हातपाय धुता धुता ओरडायचे, ‘ज व्हे मांजे!’ म्हणजे पानं घ्या. मी म्हणायची, मराठीत भूक लागत नाही का? तर म्हणायचे, "लागते, पण मराठीत मागितलं की तू थांबायला सांगतेस."

क्लासमध्ये मात्र तिची फजिती झाली. सरांनी तोंडी परीक्षेची तयारी घ्यायला तिला समोर बसवलं आणि सहज सुरुवात म्हणून फ्रेंचमध्ये म्हणाले, मी आता चहा पिणार आहे. त्यावर तिने आपण काय करणार ते सांगायचं. हिने काय केलं, तर डोळे मिटून, चाल लावून, ‘तू चहा पिणार आहेस’ असं उत्तर दिलं. सर पुढचं वाक्य बोलले, हिने त्याचाही दुसरा अर्धा म्हटला. तिसऱ्या वाक्याला सरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही वसईच्या सगळ्या अशाच बोलता की तुम्हालाच काही झालंय?" घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा आमचे हे हसता हसता ओटीवर आडवे झाले. मीही हसले. नंतर कित्येक दिवस आमच्या घरात असं कोणी हसलं नाही.

कारण त्यानंतर लवकरच ते वाडीत पडले. सकाळची वेळ होती. विहिरीवरचा पंप चालू करून ते केळींना पाणी सोडायला गेले होते. पंप चालूच राहिला. पाणी वाफ्यातून उतू जाऊन पायवाटेवर आलं म्हणून मी ओरडत गेले, की लक्ष कुठे आहे तुमचं. ते चिखलात उजव्या कुशीवर पडलेले होते आणि माझ्याकडे बघत होते. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली.

हॉस्पिटलातून घरी आले तेव्हा डावा हात चालत होता, नजर चालत होती, आणि तोंडातून फक्त ‘हा’ निघत होता. पाणी हवं तरी हा, नको तरी हा. चिडले की मोठ्याने हा. जो माणूस दुपारी फ्रेंचमध्ये जेवण मागायचा त्याचं हे झालं. मला देवाचा राग आला होता आणि मी तो प्रार्थनेत देवाला सांगितलाही.

मग एका संध्याकाळी आळीतल्या बायका त्यांच्यासाठी प्रार्थना करायला आल्या. जाऊबाईने ‘नमो मरिये’ सुरू केलं, मध्यावर थांबली, आणि आमच्या आवाजात एक पुरुषी आवाज मिसळला. ‘पवित्र मरिये’पासून शेवटपर्यंत, स्वच्छ, एकही अक्षर न गाळता. आम्ही सगळ्या गप्प झालो, ते एकटेच म्हणत राहिले. मी हुंदके देऊन रडले. बायका म्हणाल्या, मारियेने वाचा दिली.

दुसऱ्या दिवशी वाचेचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीला मी हे आनंदाने सांगितलं. ती गोड बोलणारी, हळू आवाजाची पोर. तिने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "काकी, हे चांगलं लक्षण आहे, पण त्याला बोलणं समजू नका. जे पुन्हा पुन्हा घोकलेलं असतं, पाढे, प्रार्थना, गाणी, ते डोक्यात वेगळ्या जागी असतं. कोणी सुरुवात करून दिली की ते आपोआप बाहेर येतं. त्यांना त्यातून काही सांगायचं असेलच असं नाही." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, काल तू इथे होतीस का? त्या पोरीचं म्हणणं माझ्या मुलीने ऐकलं, आणि नर्स असल्यामुळे मान डोलावली. मला ते त्याहून लागलं.

मुलीने फ्रेंचचं पुस्तक कपाटात टाकून दिलं होतं. परीक्षा जवळ आली होती. आचोळ्याहून सरांचे फोन यायचे, ती उचलायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "कोण जाणार आहे आता? पप्पांची कूस कोण बदलणार, तू? तुझी कंबर बघ आधी." आणि मी, तिची आई, काय म्हणाले? काहीच नाही. मला ती जायला नको होती. स्पष्टच लिहिते. त्यांच्या आजारपणाच्या आधीपासूनच नको होती, पण तेव्हा घरात त्यांचा आवाज मोठा होता. पोरीने जावं, जग बघावं, इथे ड्यूटी करून करून वाळून जाईल, असं ते म्हणायचे. आता तो आवाज बंद झाला होता आणि माझ्या मनासारखं होत होतं. असं मनासारखं होणं कोणाच्या वाट्याला येऊ नये.

परीक्षेला थोडेच दिवस उरले असतील. संध्याकाळची रोझरी झाली होती. ती त्यांच्या खाटेशी बसून त्यांच्या उजव्या हाताची बोटं एकेक करून उघडत होती, तो रोजचा व्यायाम होता. मी समोर अळूची पानं निवडत होते. तिला काय वाटलं कोणास ठाऊक, हात चोळता चोळता ती हळूच म्हणाली, "ज व्हे पार्तीर."

पार्तीर म्हणजे निघून जाणे. मी आता निघणार आहे.

ते छताकडे बघत होते. मग त्यांचा चेहरा तिच्याकडे वळला आणि ते म्हणाले, "त्यु व्हा पार्तीर."

तू निघणार आहेस. तोच खर्ज, तीच चाल. तिने त्यांचा हात कपाळाला लावला आणि ती अशी रडली की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला. "पप्पा, जाऊ मी? जाऊ?" ती विचारत राहिली. ते म्हणाले, "हा."

सकाळी तिने सरांना फोन केला. कपाटातून पुस्तक निघालं. चालण्यात फरक पडला, हातापायांत जीव आला पोरीच्या. मला मात्र रात्रभर झोप नव्हती. ती ड्यूटीवर गेल्यावर मी त्यांना पेज भरवली, तोंड पुसलं आणि खाटेच्या कडेला बसले. एवढे महिने कानावर पडून मलाही ते सगळं पाठ झालं होतं. मी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि म्हटलं, "ज व्हे रेस्ते."

रेस्ते म्हणजे राहणे. मी इथेच राहणार आहे.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तसंच, जसं तिच्याकडे बघितलं होतं. आणि म्हणाले, "त्यु व्हा रेस्ते."

मी धुणे म्हटलं, ते धुणे म्हणाले. विकणे म्हटलं, विकणे म्हणाले. अगं बाई, म्हणजे ती हळू आवाजाची पोर बरोबर सांगत होती. त्यांनी मुलीला परवानगी दिली नव्हती. तिने पहिला अर्धा म्हटला, त्यांनी दुसरा म्हटला, एवढंच. किंवा मग त्यांनी मलाही उत्तर दिलं होतं, खरंखुरं, की तू राहणार आहेस, तुला राहावंच लागेल. कोण सांगणार? मी त्यांच्या डोळ्यांत बघत बसले. तिथे माणूस होता, माझा नवरा होता, त्यात शंका नाही. पण त्याला काय म्हणायचं होतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता सूत्रं माझ्या हातात होती. संध्याकाळी ती आली की तिच्यासमोर एकदाच म्हणायचं, ज व्हे रेस्ते. त्यांनी उत्तर दिलं असतं, तिला सगळं समजलं असतं, आणि ती राहिली असती. मला खोटंसुद्धा बोलावं लागलं नसतं. उलट खरं सांगितल्याचं पुण्य. किती वेळा तोंडापर्यंत आलं! ती त्यांची कूस बदलायला वाकायची, तिच्या केसांना हॉस्पिटलचा वास यायचा, आणि मला वाटायचं, बोल, आत्ता बोल. मग मला ते नारळ सोलताना दिसायचे आणि जीभ टाळ्याला चिकटायची. असे दिवस गेले. तिने परीक्षा दिली, पास झाली. पप्पांसाठी दिवसभराची बाई कोण मिळेल याची तिने चौकशी केली, माझ्या भाच्याने रात्री झोपायला यायचं कबूल केलं. हॉस्पिटलात राजीनामा द्यायचा तेवढा बाकी राहिला.

राजीनाम्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी वाडीत माठाच्या भाजीच्या जुड्या बांधत बसलो होतो. ती केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, पट्ट्या फाडून देत होती, मी गाठ मारत होते. मग मान वर न करता तिने विचारलं,

"आई, खरं सांग. पप्पांनी ते समजून म्हटलं का गं?"

माझ्या हातात अर्धी बांधलेली जुडी होती. मी ती पुरती बांधली. मनात म्हटलं, देवा, आता तूच बघून घे.

"हो," मी म्हटलं. "समजूनच म्हटलं. मी होते ना समोर. मला त्यांचा चेहरा कळत नाही?"

ती पट्टी फाडायची थांबली.

"मी दुसऱ्या दिवशी त्यांना रेस्ते म्हणून बघितलं होतं," ती म्हणाली. "त्यालाही तसंच म्हणाले."

मला रागच आला. "मग मला कशाला विचारलंस गं? आईची परीक्षा घेतेस?"

"तसं नाही." आता तिने माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता. "पप्पा आता दोन्हीला हो म्हणतात. त्यातल्या कोणत्याला तू हो म्हणतेस ते ऐकल्याशिवाय मला निघता येत नव्हतं."

मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. ती द्यायलाच मी हात उचलला असेन, पण तो तिच्या गालावर गेला आणि तिथेच राहिला, मातीने भरलेला होता तसाच.